रोडाची तेवीस क्रेडिट

जानेवारीत कॉलेजच्या पायऱ्यांवर बर्फ धरतो. कॉलेजचा शिपाई म्हणून सकाळी सातच्या आत मी तिथे मीठ टाकतो, नाहीतर आठ वाजता कोणीतरी पाय वर करून पडलेलं सापडतं. त्या बुधवारी बादली अर्धी झाली होती तेव्हा रोडा स्लोन गाडीतून उतरली. एरवी ती लांबूनच म्हणते, "काका, हॅमसारखं खारवून ठेवताय की काय आम्हाला?" त्या दिवशी ती सरळ पायऱ्यांकडे चालत आली. जवळ येऊन तिने माझ्यापुढे एक पाकीट धरलं.

"वाचा."

"तुला वाचता येतं की."

"मी चार वेळा वाचलंय. आता तुम्ही वाचा आणि मी चुकीचं वाचलं असं सांगा."

मी हातमोजे काढून पत्र घेतलं. माझं वाचन सावकाशीचं आहे, ओळीखाली बोट धरावं लागतं. रोडा थंडीत पाय आपटत उभी राहिली, पण तिने घाई केली नाही. पत्रात लिहिलं होतं की ही विद्यार्थिनी केंद्र सरकारच्या शिक्षणमदतीला यापुढे पात्र नाही. ठरलेल्या कमाल मर्यादेत तिचा अभ्यासक्रम पूर्ण होणं आता शक्य नाही. अपील करायचं असल्यास मदत कार्यालयाशी बोलावं.

"बरोबरच वाचलंस," मी म्हणालो.

"मग तुमचा काय उपयोग," ती म्हणाली आणि तशीच मिठाच्या पायरीवर बसली.

रोडा एक्केचाळीस वर्षांची. आमच्याच खोऱ्यातली, माझ्या घरापासून वरच्या अंगाला तिसरं घर तिचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकोणीस वर्षं काढली. दोन शाळांची एक झाली तेव्हा एक स्वयंपाकघर बंद पडलं, ते हिचं. नवरा व्हर्नन माझ्यासारखाच पूर्वी खाणीतला. त्याच्या फुफ्फुसात कोळशाची धूळ बसली आहे. दिवसभर नाकात नळी, आणि शेजारी प्राणवायूचं यंत्र घुरघुरत असतं. ते यंत्र तपासायला महिन्यातून एकदा एक मुलगी लेक्झिंग्टनहून यायची. तिचं काम बघून बघून रोडाने ठरवलं की हे आपल्यालाही जमेल. आमच्या कॉलेजात श्वासोपचाराचा कोर्स आहे. तिने नाव घातलं, आणि आता एकच सत्र उरलं होतं.

ते शेवटचं सत्र सगळं जिल्ह्याच्या इस्पितळात असतं, खाटांपाशी उभं राहून. दोन वर्षांतून एकदाच भरतं, जागा अकरा. पास झाली की जूनपासून नोकरी द्यायचं इस्पितळाने तिला कबूल केलं होतं. पण शुक्रवारी पाचच्या आत फी जमा झाली नाही तर तिचं नाव यादीतून जाणार होतं आणि बाराव्या नंबरवरची मुलगी आत येणार होती. फी अठ्ठावीसशे डॉलर. व्हर्ननच्या पेन्शनमधून औषधं गेली की किराणा निघतो. अठ्ठावीसशे निघत नाहीत.

आठ वाजता आम्ही दोघं लोरेटा गेहार्टच्या दारात उभे होतो. मदत कार्यालय म्हणजे लोरेटाबाई, एक कपाट आणि एक हीटर. हीटर मीच दर हिवाळ्यात दुरुस्त करतो. लोरेटाबाई आणि रोडा शाळेत एका बाकावर होत्या.

"तू येणार हे माहीत होतं," लोरेटाबाई म्हणाल्या. "बस. काका, तुम्हीही बसा, उभे राहिलात की बुटांचा बर्फ वितळून जाग्यावर पाणी होतं."

"माझे मार्क कमी आहेत का?" रोडाने विचारलं.

"मार्क उत्तम आहेत."

"मी वर्ग बुडवले?"

"एकही नाही. ऐकून घे. सत्र संपलं की मी प्रत्येकाच्या तीन गोष्टी तपासते. मार्क पुरेसे आहेत का. जेवढं सुरू केलं त्यातलं दोन तृतीयांश तरी पुरं केलं का. आणि तिसरी, कोर्स जेवढ्याचा आहे त्याच्या दीडपटीच्या आत माणूस तो संपवणार का. पहिल्या दोन गोष्टींत तू पास आहेस. तिसरीत अडकलीस." त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "तुझा कोर्स सहासष्ट क्रेडिटचा. दीडपट म्हणजे नव्व्याण्णव. तुझ्या नावावर आत्ताच एक्याण्णव आहेत आणि सोळा उरलीत. एकशे सात होतात. आठ जास्त."

आमच्या कॉलेजात सत्रभर आठवड्याला एक तास बसलं की एक क्रेडिट, असा साधारण हिशोब आहे. रोडा बोटांवर मोजायला लागली.

"एक्याण्णव कुठून आली? इथे तर मी सत्तेचाळीस केली."

"सत्तेचाळीस आत्ताची. अठरा तू एकोणिसाव्या वर्षी घेतली होतीस."

"ती मी सोडून दिली."

"सोडलीस, पण कोणाला सांगितलं नाहीस. यायची बंद झालीस. अठराच्या अठरा नापास लागली, आणि ती कायमची. त्याचं मी काही करू शकत नाही." लोरेटाबाईंनी बोट खाली सरकवलं. "पण ही सव्वीस बघ. बाहेरून आणलेली. ब्युटी स्कूलची बारा. बालसंगोपनाच्या कोर्सची आठ. खाणीतल्या बचावपथकाच्या प्रथमोपचाराची सहा. रोडा, श्वासोपचार शिकायला येताना ब्युटी स्कूलचं सर्टिफिकेट कशाला दाखल केलंस?"

"एका शहाण्या माणसाने सांगितलं."

"कोणी?"

"ज्याच्या बुटाखाली पाणी साचलंय त्याने," रोडा म्हणाली.

ते खरं होतं. मीच सांगितलं होतं.

ज्या वर्षी रोडाने नाव घातलं त्या वर्षी ती माझ्या ओसरीवर आली होती. विचारलं, काका, कॉलेजात जाताना काय काय न्यायचं. मी म्हणालो, असतील नसतील ते सगळे कागद ने. कागद हा आमच्याकडे साधा विषय नाही. खाणीतल्या माणसाने फुफ्फुसाच्या भरपाईचा दावा लावला की कंपनीचा वकील एकच करतो, कोणता कागद नाही ते शोधतो. माझा पहिला दावा एका एक्स-रेच्या पावतीपायी गेला. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. बायकोने चूल पेटवायला जे कागद वापरले त्यात ती पावती होती. पुढे त्रेपन्नाव्या वर्षी मी वाचायला शिकलो, आणि तेव्हापासून मी किराण्याची पावतीही टाकत नाही. खोऱ्यात जो कोणी सरकारी खिडकीवर निघेल त्याला मी हेच सांगतो. सगळं ने, त्यांनी मागायच्या आधी पुढे कर. रोडाने बिस्किटाचा डबाच नेला. खिडकीवरची पोरगी भली होती, तिने एकेक कागद लावून घेतला आणि सव्वीस क्रेडिट चढवली. संध्याकाळी रोडाने आम्हाला सफरचंदाचा थरांचा केक दिला. व्हर्नन नळी सावरत म्हणाला होता, "वर्ग सुरू होण्याआधीच अर्धी पास झाली बाई."

ती सव्वीस तिच्या बाजूने मोजली जातील असं मला वाटलं होतं. ती मर्यादेत, तिच्याविरुद्ध मोजली जात होती.

"लोरेटाबाई," मी म्हणालो, "चूक माझी आहे. कुठे लिहायचं ते सांगा, मी सही करतो."

"त्याला रकाना नाही काका."

"मग ती काढून टाका. बालसंगोपनाची आठच काढा. आठच जास्त आहेत ना? बरोबर नव्व्याण्णव होतील."

"वा. आणि उद्या तपासनीस येऊन विचारेल की बालसंगोपन काढलं, ब्युटी स्कूल का नाही, तर मी काय सांगू? आठच हवी होती म्हणून?" त्या चिडल्या नव्हत्या, पण हीटरकडे बघून बोलत होत्या. "मला हवी तेवढी काढता येत नाहीत. सगळ्यांना एकच माप. पण तसं एक माप आहे. बाहेरून आणलेलं जे या पदवीसाठी लागत नाही ते मोजणीतून बाजूला ठेवता येतं. यंत्राला ते कळत नाही, ते सरसकट मोजतं. त्यासाठी कोर्सच्या प्रमुखांनी एकेक बघून लिहून द्यायचं, विद्यार्थ्याने सही करायची आणि समितीने मान्य करायचं. समिती उद्या दहाला आहे."

"बाजूला ठेवलं तर किती होतात?" रोडाने विचारलं.

"प्रथमोपचारातली तीन तुमच्या प्रमुखांनी, टॅकेटसरांनी, तुझ्या पदवीत धरली आहेत. ती राहतील. तेवीस जातील. चौऱ्याऐंशी."

रोडाने पहिल्यांदा कोटाची बटणं उघडली. "एवढंच? मग पत्र कशाला पाठवलंस बाई, जीव गेला माझा."

"पत्र यंत्र पाठवतं. नव्वद जणांना गेलंय." लोरेटाबाईंनी कपाटातून फॉर्म काढून दिला. "घरी ने, वाच, सही करून उद्या आण."

समितीत आम्ही तिघं. लोरेटाबाई, श्वासोपचाराचे प्रमुख टॅकेटसर आणि कर्मचाऱ्यांतर्फे मी. मला कोणी निवडलं नाही. त्या बैठकीला यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. रोडा माझ्या बायकोच्या चुलतबहिणीची सून लागते, म्हणून मी लोरेटाबाईंना म्हणालो की या एका अपिलापुरता मी बाहेर बसतो. त्या म्हणाल्या, "इथे नात्याचे आणि शेजारचे बाहेर बसले तर खोलीत मी आणि झेंडा. बसा. फक्त मत देऊ नका, तोंड उघडलंत तरी चालेल."

गुरुवारी दहाला रोडा आली. चर्चला घालते तो निळा स्वेटर होता. तिने फॉर्म टेबलावर ठेवला. टॅकेटसरांनी आपला भाग आधीच भरला होता. तीन ओळी, प्रत्येकीपुढे तेच दोन शब्द: उपयोग नाही. उपयोग नाही. उपयोग नाही. त्याखाली विद्यार्थ्याचं निवेदन छापलेलं होतं, आणि त्याखालची सहीची जागा कोरी होती.

"सही राहिली," टॅकेटसर म्हणाले आणि पेन पुढे केलं. त्यांचा साडेदहाचा वर्ग होता.

"राहिली नाही. केली नाही," रोडा म्हणाली.

"का?"

"निवेदन वाचा सर. मोठ्याने वाचा."

त्यांनी वाचलं. "'वर नोंदवलेलं शिक्षण माझ्या सध्याच्या अभ्यासक्रमासाठी उपयोगाचं नाही. वरील मजकूर खरा आहे असं मी शपथेवर सांगते.' बरं मग?"

"हे खरं नाही."

मी डोळे मिटले. मला वाटलं होतं हे होऊ शकतं, पण रात्रभर मी स्वतःला सांगत होतो की होणार नाही.

"ऑक्टोबरात आपण इस्पितळात होतो," रोडा म्हणाली. "तो म्हातारा गॅरेट, मास्क लावू देत नव्हता. मी लावला. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, स्लोन डोकं कसं धरते ते बघा, असं कोणाला येत नाही. म्हणालात की नाही?"

"म्हणालो."

"ते कुठे शिकले मी? तुमच्या वर्गात? तुमच्या वर्गात रबराची बाहुली आहे. ब्युटी स्कूलमध्ये नऊ महिने मी माणसांची डोकी बेसिनमध्ये धरली. मानेखाली हात कुठे द्यायचा, माणूस कधी ताठ होतो, कधी सोडतो, सगळं तिथलं. आणि नोव्हेंबरात ते चार वर्षांचं पोर, दम्याचं. त्याला मी वाफेच्या नळीतून श्वास घ्यायला लावलं ते बालसंगोपनाच्या कोर्समधल्या युक्तीने. तुम्ही लिहिलंय उपयोग नाही. तुमचं तुम्ही बघा. मी त्याखाली शपथेवर सही करणार नाही."

"अहो, हा फॉर्म आहे," टॅकेटसर म्हणाले. "फॉर्म कोणी खरं बोलायला भरत नाही. काम व्हायला भरतं."

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. टॅकेटसर अकरा वर्षांपूर्वी ओहायोहून आले, त्यामुळे आमच्याकडे अजून नवे आहेत. माझा मेहुणा होबार्ट याने भरपाईच्या अर्जात 'कधीही धूम्रपान केलं नाही' यापुढे खूण केली होती. सतराव्या वर्षी तीन महिने त्याने सिगारेट ओढली होती, हे वकिलाने कुठूनसं शोधून काढलं. शपथ खोटी ठरली, दावा फेटाळला. होबार्ट दुसरा दावा लागायच्या आत गेला. आमच्या खोऱ्यात शपथेच्या ओळीखाली सही करायची वेळ आली की माणूस पेन खाली ठेवतो आणि एकदा खिडकीबाहेर बघतो.

तरी मी बोललो. माझ्यामुळे ती तिथे बसली होती.

"रोडा, सही कर. त्याचं पाप माझ्या नावावर."

"तुमच्या नावावर आधीच सव्वीस आहेत काका."

"तू नाही केलीस तर उद्या पाच वाजता तुझं नाव जाईल. व्हर्ननला काय सांगशील?"

"व्हर्ननशी बोलूनच आलेय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, होबार्टला विचार."

टॅकेटसरांनी घड्याळ पाहिलं. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "स्लोन, हे बघ. तुला मी गमावू इच्छित नाही. तुला हवं तर मी असं लिहितो की हे सगळं उपयोगाचं आहे. सगळीच्या सगळी तेवीस तुझ्या पदवीत धरतो."

"आणि मग ती मोजली जातील," लोरेटाबाई म्हणाल्या, "आणि एकशे सात होतील. तुम्हीही तिचं भलंच करताय टॅकेटसर. हिचं भलं करणाऱ्यांनीच हिला इथवर आणलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची मेहेरबानी.

"मग तूच सांग लोरेटा," रोडा म्हणाली. मग सावरून म्हणाली, "तुम्हीच सांगा गेहार्टबाई. नियम तुमचे आहेत."

लोरेटाबाईंना ते 'गेहार्टबाई' लागलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गेली सोळा वर्षं मी त्यांना हे काम करताना बघतो. पोरं त्यांच्या दारात रडतात, बाप शिव्या देतात, एकाने हीटरला लाथ मारली होती. दरवर्षी वसंतात तपासनीस येतो, कपाटातून डोळे मिटून वीस फायली उचलतो आणि एका फाईलमध्ये एक सही चुकीची निघाली तरी कॉलेजला पैसे परत करावे लागतात. त्या मन मोठं करून कोणाला पास करू शकत नाहीत. त्यांना फक्त नीट बघता येतं.

"रोडा, एक विचारते," त्या म्हणाल्या. "उपयोग आहे की नाही ते सोड. पदवीची यादी आहे ना, काय काय पुरं करायचं त्याची. त्या यादीत ब्युटी स्कूलचं काही आहे?"

"नाही."

"बालसंगोपनाचं?"

"नाही."

"प्रथमोपचारातली उरलेली तीन?"

"नाही. यादीत तीनच आहेत, ती धरली आहेत."

"ही तेवीस तुझ्याकडे नसती तरी सोळा पुरी केल्यावर तुला पदवी मिळाली असती?"

रोडाने विचार केला. घाईने हो म्हणाली नाही. "मिळाली असती. मी कामात कच्ची राहिले असते, पण मिळाली असती."

"हे शपथेवर लिहिशील?"

"लिहीन."

लोरेटाबाईंनी फॉर्म ओढून घेतला आणि छापील निवेदनावर पट्टी ठेवून सरळ आडवी रेघ मारली. रेघेच्या टोकाला आपली आद्याक्षरं आणि तारीख घातली. टॅकेटसरांची खुर्ची करकरली.

"असं चालतं?" त्यांनी विचारलं.

"फॉर्म हा आपल्या कॉलेजनेच छापलाय, वॉशिंग्टनने नाही. वॉशिंग्टन विचारतं की या पदवीसाठी कोणती क्रेडिट धरली. उपयोग हा शब्द आपल्यातल्या कोणीतरी घातला. बहुतेक मीच, सोळा वर्षांपूर्वी." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तपासनीस आला तर मी त्याच्यासमोर बसेन. रोडा, खाली जागा आहे. तुझ्या शब्दांत लिही."

रोडाने पेन घेतलं. लिहायच्या आधी तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पार्किंग आणि त्यापलीकडे डोंगर, कोळशासाठी माथा सपाट केलेला. मग लिहायला लागली. दोन ओळींना तिला इतका वेळ लागला की टॅकेटसरांनी फोन करून वर्गाला पुस्तकाचं चौथं प्रकरण वाचत बसायला सांगितलं.

लोरेटाबाईंनी मोठ्याने वाचलं: "'ब्युटी स्कूल, बालसंगोपन आणि प्रथमोपचाराची तीन क्रेडिट मी मेहनतीने मिळवली आहेत आणि मी ती रोज वापरते. ही पदवी मिळवायला ती लागत नाहीत आणि या पदवीत ती धरलेली नाहीत. हे खरं आहे.' ठीक. आता सर, तुमचे ते दोन शब्द."

"माझे कुठले?"

"उपयोग नाही. तिची ओळ आणि तुमची ओळ एका कागदावर भांडतायत. तपासनीसाला भांडण लगेच दिसतं."

टॅकेटसरांनी तिन्ही ठिकाणी खोडलं आणि तिन्ही ठिकाणी लिहिलं: पदवीच्या अटींत धरलेले नाही. प्रत्येक ठिकाणी आद्याक्षरं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "ते डोकं धरण्याचं, स्लोन. पहिल्या वर्षाच्या पोरांना एकदा दाखवशील?"

"त्याचं क्रेडिट मिळणार असेल तर नको," रोडा म्हणाली.

टॅकेटसर हसले. लोरेटाबाई हसल्या नाहीत, त्या मोजत होत्या. मोजणी त्यांनी यंत्रावर केली नाही, पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने केली. अठरा. तीन. सत्तेचाळीस. अडुसष्ट. उरलेली सोळा. चौऱ्याऐंशी. मग पूर्ण केलेली पन्नास भागिले अडुसष्ट, दोन तृतीयांशाच्या वर. मग पुन्हा पहिल्यापासून एकदा. मग कागद टॅकेटसरांकडे सरकवला, त्यांनी मोजलं. मग माझ्याकडे सरकवला.

"मला मत नाही," मी म्हणालो.

"मोजायला मत लागत नाही."

मी बोट ठेवून मोजलं. चौऱ्याऐंशी आली.

दोघांनी हात वर केले. लोरेटाबाईंनी तिच्या नावापुढे तेवीस क्रेडिट एकेक ओळ करून हाताने बाजूला ठेवली. त्यांना पाऊण तास लागला, कारण यंत्र प्रत्येक ओळीला कारण मागत होतं आणि त्या प्रत्येक ओळीला पूर्ण कारण लिहीत होत्या. तेवढ्यात टॅकेटसर वर्गावर गेले. मी हीटरचा नॉब घट्ट केला, काही गरज नव्हती तरी. रोडा खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, लग्नात फोटो काढायला बसवतात तशी.

"तू रागावलीस ना माझ्यावर?" मी हळूच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "उन्हाळ्यापर्यंत राहीन. तोवर आमच्या ओसरीवर यायचं असेल तर या, पण सल्ला घरी ठेवून या."

"लागलं," लोरेटाबाई पडद्यामागून म्हणाल्या. "पात्र. फी उद्या सकाळी कॉलेजच्या खात्यात वळती होईल. सोमवारी सातला इस्पितळात हजर राहा. उशीर केलास तर टॅकेटसर माझ्याकडे येतील आणि मला त्यांचं आणखी ऐकायचं नाही."

रोडा उठली. तिने टेबलाला वळसा घातला, लोरेटाबाईंच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, एकदा दाबले आणि बाहेर गेली. मीही निघालो. मला पायऱ्या बघायच्या होत्या.

ती पुढच्या दारापाशी फोन कानाला लावून उभी होती. पलीकडे व्हर्नन असावा, कारण यंत्राची घुरघुर मला तिथवर ऐकू येत होती.

"झालं," ती म्हणत होती. "नाही... नाही, सही केली, पण त्या ओळीखाली नाही. दुसरी लिहिली... मीच लिहिली. घरी आल्यावर सांगते... काय? ब्युटी स्कूलचं? नाही रे, काढून नाही टाकलं. आहे. फक्त मोजणार नाहीत... हो, तेच तर, असू दे की... सोमवारी. सातला. तू साडेपाचला उठवशील मला, तू तसाही जागाच असतोस... बरं, आता ठेव. आणि त्या बीन्सखालची आच बंद कर, नळी घेऊन शेगडीजवळ जाऊ नकोस, काठीने नॉब फिरव. काठी दाराशी आहे."